बंदीचा अर्ज आणि युनियनचे ६० दिवस

मालकाने कारखाना बंदीचा अर्ज केल्यापासून ६० दिवसांत सरकारचा निर्णय त्याला कळवला गेला नाही, तर परवानगी मिळाली असंच कायदा धरून चालतो. युनियनच्या हाती काय उरणार, हे बहुतेक वेळा या ६० दिवसांतच ठरतं. तरीही, उत्पादन परदेशात हलवायला कारखाना बंद होत असला की, पहिले दोन-तीन आठवडे गेट मीटिंग, मंत्र्यांना निवेदन आणि ‘चिनी मालावर बहिष्कार’ यातच निघून जातात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्या कलम ८० नुसार गेल्या १२ महिन्यांत रोज सरासरी ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला बंद करण्याआधी परवानगी लागते. जुन्या कायद्यात हा आकडा १०० होता. अर्ज नियोजित तारखेच्या किमान ९० दिवस आधी करायचा आणि त्याची प्रत त्याच वेळी कामगार प्रतिनिधींना द्यायची. ३०० च्या खाली कलम ७४ : सरकारला ६० दिवसांची नोटीस दिली की झालं. कामगार ५० पेक्षा कमी असतील तर तीही नको.

म्हणूनच खरी लढाई अर्जाच्या वर्षभर आधी सुरू होते. व्हीआरएसच्या (स्वेच्छानिवृत्तीच्या) दोन-तीन फेऱ्या निघतात, निवृत्तांच्या जागा भरल्या जात नाहीत, मुदतीच्या कामगारांचे करार वाढवले जात नाहीत. ३४० चा हजेरीपट हळूच २८० वर येतो आणि परवानगीचा प्रश्नच मिटतो. पहिल्या फेरीपासूनच दर महिन्याच्या हजेरीपटाची नक्कल युनियनच्या फायलीत हवी. बाकीच्या खुणा शॉपफ्लोअरवर दिसतात : नवीन मॉडेल या प्लांटला मिळत नाही, मेंटेनन्सचे स्पेअर मागवले जात नाहीत, ‘दुरुस्तीला’ म्हणून गेलेली डाय (सुटे भाग घडवायचा साचा) परत येत नाही. रिटर्नेबल गेटपासवर, म्हणजे परत आणायच्या बोलीवर, गेलेल्या प्रत्येक डायचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा. सुनावणीत ‘अजून काही ठरलेलं नाही’ असं कंपनी म्हणते, तेव्हा हीच वही कामी येते.

अर्ज दाखल झाल्यावर काय होऊ शकतं, ते हरिनगर शुगर मिल्सच्या बिस्किट विभागाच्या प्रकरणात दिसलं. महाराष्ट्रातला हा कारखाना ब्रिटानियासाठी बिस्किटं बनवायचा. करार संपणार म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये बंदीचा अर्ज झाला. उपसचिवांनी माहिती अपुरी आहे, अर्ज पुन्हा करा, असं पत्र पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये सांगितलं की अर्ज पूर्ण होता, ते पत्र म्हणजे सरकारचा नकार नव्हे, आणि ६० दिवस उलटल्यावर बंदी मंजूर झालीच. हा निकाल जुन्या कायद्याखालचा असला तरी ६० दिवसांची तरतूद नव्या संहितेतही आहे. त्यामुळे मंत्रालयातून ‘त्रुटीपत्र गेलंय, काळजी करू नका’ असा निरोप आला तर निर्धास्त राहू नये. कारणांसह, सक्षम अधिकाऱ्याच्या सहीचा आदेश मुदतीत निघालाच पाहिजे. पहिल्या आठवड्यातच लेखी हरकत आणि सुनावणीची मागणी नोंदवून पोच घ्या, ४० व्या दिवसापर्यंत सुनावणी झाली नाही तर उच्च न्यायालयाची तयारी ठेवा.

याच काळात संप पुकारण्याचा मोह होतो. १४ दिवसांची नोटीस लागते, समेटाची कार्यवाही चालू असताना आणि त्यानंतर ७ दिवस संप बेकायदा ठरतो. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल लीव्ह टाकली तर तोही संपच. बंद करायला निघालेल्या मालकाला बेकायदा संप म्हणजे आयतं निमित्त!

आता ‘व्हिएतनाममध्ये मजुरी निम्मी आहे’ हा मालकाचा युक्तिवाद. तो ताळेबंदावर तपासता येतो. कंपनीची वार्षिक हिशेबपत्रकं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर किरकोळ फी भरून पाहता येतात. त्यातला कर्मचारी खर्च एकूण उत्पन्नाच्या किती टक्के, ते काढा. समजा ९ टक्के निघाला. तर मजुरी निम्मी होऊनही वाचतात साडेचार टक्के, आणि त्यातून जहाजभाडं, सीमाशुल्क आणि पडून राहिलेल्या मालाचं व्याज जायचं. मग संबंधित कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांची टीप वाचा : मूळ कंपनीला दिलेली रॉयल्टी, तिच्याकडून चढ्या दराने घेतलेले सुटे भाग. तोटा कुठे तयार झाला ते बहुधा तिथे सापडतं.

अँटी-डंपिंगचा, म्हणजे फार स्वस्तात ओतलेल्या आयात मालावर जादा शुल्क लावून घेण्याचा, रस्ता आपल्याकडे युनियनला जवळपास बंद आहे. अर्ज देशी उत्पादकांनी करायचा, पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन एकूण देशी उत्पादनाच्या किमान २५ टक्के हवं. मालकच तो माल आणणार असेल तर तो कशाला अर्ज करेल? अमेरिकेत युनियनला हा हक्क आहे. युनायटेड स्टीलवर्कर्स या युनियनच्या अर्जावर, अँटी-डंपिंगच्या नव्हे पण आयातीला आळा घालणाऱ्या वेगळ्या तरतुदीखाली, सप्टेंबर २००९ मध्ये चिनी टायरवर पहिल्या वर्षी ३५ टक्के जादा शुल्क बसलं. चिनी टायर घटले, पण त्यांची जागा बरीचशी दुसऱ्या देशांतल्या टायरांनी घेतली.

जर्मनीत न्यूरेंबर्गच्या एईजी या घरगुती उपकरणांच्या कारखान्याचं उत्पादन पोलंडला न्यायचं इलेक्ट्रोलक्सने डिसेंबर २००५ मध्ये ठरवलं. आयजी मेटाल या युनियनने जानेवारी २००६ मध्ये संप केला, मागणी एकच : जायचं तर किंमत मोजून जा. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १.८ महिन्यांचा पगार पदरात पडला, कारखाना मात्र गेलाच. जर्मनीतल्याच बोखुमचा नोकियाचा कारखाना २००८ मध्ये रुमानियातल्या जुकूला गेला. २०११ मध्ये जुकू बंद करण्याची घोषणा झाली आणि २०१४ मध्ये चेन्नईजवळचं श्रीपेरुंबुदूर बंद झालं. तेव्हा परदेशी कामगाराला शिव्या देण्यापेक्षा त्याच्या युनियनचा ईमेल मिळवणं जास्त उपयोगी. नवी लाइन तिकडे कधी सुरू होणार, हे त्याला आपल्या एचआरपेक्षा आधी कळतं.

पैशाचं बोलायचं तर कायद्याची भरपाई प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची आहे. ३०,००० वेतन आणि २० वर्षं सेवा धरली तर ३,००,००० होतात. ग्रॅच्युइटी वेगळी, तिला भागाकार २६ चा : ३०,००० × १५ ÷ २६ × २० म्हणजे ३,४६,१५४. दोन्ही मिळून सुमारे साडेसहा लाख, आणि पीएफ, रजेचे पैसे, बोनस याउपर. म्हणजे ‘आठ लाखांचं पॅकेज’ जाहीर झालं तर पहिला प्रश्न असा : यात ग्रॅच्युइटी धरली आहे का? धरली असेल तर वरचे दीडच लाख.

समझोता लिहिताना रक्कम आणि तारखेबरोबर जमिनीचं कलम घाला : भूखंड हस्तांतराच्या आधी सर्व देणी चुकती, आणि नव्या मालकाने भरती केली तर या यादीतल्यांना प्राधान्य. यादी नावानिशी, टोकन नंबरसह, समझोत्यालाच जोडलेली असावी.