करमळ घाटातून होडी नेताना

उत्तर गोव्यातील डिचोलीहून दक्षिण गोव्यात काणकोणातील तळपण नदीपर्यंत फायबरची होडी ट्रेलरवर घालून नेण्याचे काम गेल्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या डिझेल पिकअपकडे आले. होडी माझ्या काणकोणच्या मित्राची. दुरुस्तीसाठी ती मे महिन्यात इकडे आणली होती आणि ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपण्याआधी ती पाण्यात उतरायला हवी होती. तुझ्या गाडीला एवढे ओझे म्हणजे काहीच नाही, असे तो म्हणाला आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते.

हा समज डिझेल इंजिनच करून देते. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉसचे १.९ लिटरचे इंजिन ३६० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते आणि तोही मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांच्या (आरपीएम) दरम्यान. ऑटोमॅटिक गियरच्या टोयोटा हायलक्समध्ये हाच आकडा ५०० पर्यंत जातो. त्यामुळे दीड टनाचा ट्रेलर मागे असूनही गाडी जागची सहज उठते, चढावर कुरकुरत नाही आणि चालवणाऱ्याला मागचे वजन विसरायला होते. माझे काका सांखळीच्या पट्ट्यात खाणी जोरात चालत होत्या तेव्हा खनिजाचा टिपर चालवीत असत. अंगणात उभा केलेला ट्रेलर पाहून त्यांनी इंजिनाबद्दल एक अक्षरही विचारले नाही. त्यांनी वाकून चाकाच्या आत पाहिले आणि विचारले, "ब्रेक आहे ना रे याला?"

होता. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये जोडून घेतलेल्या पुष्कळ ट्रेलरना तो नसतो. युरोपात भारासह ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरलाच ब्रेकशिवाय चालण्याची मुभा आहे, त्यापुढे स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे, आणि हा आकडा आपणही पाळावा असे माझे मत आहे. मित्राच्या अंदाजाने होडी, जाळी, इंजिन सगळे धरून एक टन होत होते. खनिजपट्ट्यात राहण्याचा एक फायदा असा की वजनकाटा शोधत लांब जावे लागत नाही. काट्यावर होडी ९०० किलो, आउटबोर्ड इंजिन १२०, जाळी आणि नांगर मिळून १२० आणि खुद्द ट्रेलर ३४०, असे एकूण १४८० किलो भरले. अंदाज आणि काटा यांत जवळजवळ पाचशे किलोंचे अंतर निघाले. हा आकडा गाडीच्या पुस्तिकेतील ओढण्याच्या मर्यादेशी ताडून पाहावा लागतो, आणि तोही आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या मॉडेलच्या पुस्तिकेशी, कारण एकाच नावाच्या गाडीची मर्यादा देशागणिक बदलते. कागदपत्रांबद्दल एवढेच सांगतो की १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हे वेगळे नोंदवायचे वाहन आहे आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही त्यावर दिसावा लागतो.

निघण्याआधी दोन गोष्टी सापडल्या. पहिली हिचच्या, म्हणजे पिकअपच्या मागे ट्रेलर जोडण्याच्या सांध्याच्या, बॉलची. माझ्या पिकअपचा बॉल ५० मिलिमीटरचा होता आणि त्यावर वाटीसारखे बसणारे ट्रेलरचे कपलिंग दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचे. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, कपलिंग बसते, खटकाही पडतो, पण खड्ड्यात ट्रेलरचे नाक, म्हणजे पुढचे टोक, उसळले की ते सुटण्याची शक्यता राहते. आम्ही बॉल बदलला. नंतर कपलिंग अडकवून ट्रेलरच्या जॅकने नाक वर उचलले. पिकअपचा मागचा भाग त्याच्यासोबत वर आला, तेव्हा कुठे खात्री पटली. सुरक्षेच्या दोन्ही साखळ्या नाकाखालून एकमेकींना छेद देऊन अडकवल्या, म्हणजे कपलिंग सुटलेच तर नाक रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडते.

दुसरी गोष्ट टायरची. नक्षी अगदी नवी होती, कारण हा ट्रेलर वर्षाला फार तर दोनदा हलतो. पण टायरच्या कडेवरचे चार आकडे ३०१६ होते, म्हणजे २०१६ सालातील तिसावा आठवडा. उन्हात उभे राहिलेले रबर न झिजताही मरते. मित्राने थोडी कुरकुर केली, पण टायर बदलले.

एवढी काळजी घेऊनही मुख्य चूक राहून गेली होती. म्हापसा, पर्वरी, पणजी असे आम्ही सकाळी लवकर पार केले. जुवारीच्या नव्या पुलावर, ज्याचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरा वर्षभराने खुला झाला, आडव्या वाऱ्याने ट्रेलर किंचित डुलला. मी ते वाऱ्यावर ढकलले आणि पुढे निघालो. वेर्ण्याचे पठार ओलांडून नुवेच्या बाजूला उतरताना वेगाचा काटा पासष्टच्या आसपास होता. एक बस शेजारून वेगाने पुढे गेली आणि तिच्या हवेच्या झोताने ट्रेलरची शेपटी आधी बाहेर ढकलली गेली, मग आत ओढली गेली. त्यानंतर ती थांबेना. प्रत्येक झोकांडी आधीच्या झोकांडीपेक्षा मोठी होती आणि पिकअपचा मागचा भाग तिच्याबरोबर डावीउजवीकडे फेकला जात होता.

अशा वेळी ब्रेक दाबला तर गाडी हळू होते, ट्रेलर मागून ढकलतो आणि दोघे कात्रीसारखे दुमडतात. वेग वाढवून ट्रेलर सरळ ओढून काढण्याचा सल्लाही काही जण देतात, पण उतारावर, ओल्या रस्त्यावर तो मला आत्मघाती वाटतो. स्टेअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटरवरून पाय काढणे आणि ट्रेलरला हाताने लावता येणारा वेगळा ब्रेक असेल तर फक्त तो लावणे, हाच मार्ग. माझ्याकडे तसा ब्रेक नव्हता. पाय मी काढला, पण तो ज्ञानाने काढला की भीतीने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पन्नासच्या खाली आल्यावर ट्रेलर शांत झाला.

झोकांड्यांचे मूळ हिचवरच्या भारात असते. एका आसाच्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के वजन नाकातून पिकअपच्या हिचवर पडावे, असे जड ट्रेलर ओढणाऱ्या अमेरिकेतील लोकांचे गणित आहे. युरोपात हे प्रमाण कमी धरतात, पण तिथे वेगमर्यादाही कडक आहेत. नुवेला मित्राच्या मावशीचे घर होते. तिथल्या अंगणात ट्रेलर सोडला आणि घरातला वजन करायचा छोटा काटा मागून घेतला. नाकाचे सगळे वजन अशा काट्याला पेलत नाही, म्हणून एका फळीचे एक टोक विटेवर आणि दुसरे काट्यावर ठेवले. दोन टेकूंत तीन फूट अंतर सोडले आणि विटेपासून एक फुटावर ट्रेलरचे नाक टेकवले. काट्यावर येईल त्याच्या तिप्पट वजन नाकावर असते, अर्थात फळीचे स्वतःचे वजन आधी वजा करून आणि ट्रेलर आडव्या पातळीत ठेवून. काट्याने १५ दाखवले. म्हणजे १४८० किलोंपैकी हिचवर अवघे ४५ किलो, जेमतेम तीन टक्के. जाळी आणि नांगर चढवायला सोपे म्हणून आम्ही होडीच्या मागच्या टोकाला, इंजिनाजवळ टाकले होते. सगळा दोष त्यातच होता.

दुरुस्ती तरफेच्या नियमाने केली. नाकापासून आसापर्यंतचे अंतर साडेचार मीटर होते. १२० किलोंची जाळी आणि नांगर तीन मीटर पुढे सरकवले की नाकावर ८० किलो वाढतात. ९०० किलोंची होडी फक्त २० सेंटिमीटर पुढे घेतली की आणखी ४० किलो वाढतात, आणि त्यासाठी ट्रेलरवरचा पुढचा खांब सोडून पुन्हा बसवावा लागला. परत मोजले तेव्हा १६५ किलो भरले, म्हणजे अकरा टक्क्यांच्या थोडे वर. याहून फार जास्त भार घालणेही चांगले नाही, कारण मग पिकअपच्या मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या दबतात, पुढची चाके हलकी होऊन स्टेअरिंग सैल लागते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पिकअपच्या रिकाम्या हौद्याला मात्र थोडा भार मानवतो. पावसात तिची मागची चाके त्याविना घसरायला तयारच असतात.

मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी ओलांडून करमळ घाटात शिरेपर्यंत पाऊस धरला होता. या घाटात दोन्ही बाजूंना दाट झाडी, एकापाठोपाठ वळणे आणि रस्त्यावर वाहून आलेली लाल माती असते. चढ सोपा गेला. वरच्या गियरात इंजिन गुरगुरत ठेवायचे नाही, दोन हजारांच्या वर फिरू द्यायचे आणि पाण्याच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची, एवढेच पथ्य होते.

उतार सुरू होण्याआधी मी दुसऱ्या गियरात आलो. ज्या गियरात चढाल त्याच गियरात उतरा, हा टिपरवाल्यांचा नियम काकांनी लहानपणीच कानावर घातला होता. पण डिझेल पिकअपला तो अधिक कडकपणे पाळावा लागतो, याचे कारण मला फार उशिरा कळले. पेट्रोल इंजिनात अॅक्सिलरेटर सोडला की हवेची वाट बंद होते आणि इंजिन निर्वात ओढत स्वतःच गाडीला अडवते. डिझेल इंजिनात तशी अडवणूक नसते. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी बरीचशी शक्ती परत देते. म्हणूनच मोठ्या ट्रकना धुराची वाट अडवणारा एक्झॉस्ट ब्रेक बसवतात. पिकअपला तो सहसा नसतो, तेव्हा खालचा गियर आणि चढे आरपीएम एवढाच आधार उरतो.

या ट्रेलरचा ब्रेक ओव्हररन पद्धतीचा होता. पिकअप हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलतो, कपलिंगमधला दांडा आत जातो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. साधी, वायर नसलेली व्यवस्था. पण लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलतच असतो, म्हणून ब्रेकही सतत घासत राहतात. यावर इलाज एकच, तो म्हणजे वेग मुळातच कमी ठेवणे. मी ब्रेक पायाखाली धरून न ठेवता एकदा ठामपणे दाबून दहा किलोमीटरने वेग उतरवायचा आणि पूर्ण सोडून द्यायचा, असे करीत उतरलो. ब्रेक ऑइल निघण्याआधीच बदलले होते. ते हवेतील ओल शोषते, आणि गोव्याच्या हवेला ओलीची काय कमी? डॉट ४ प्रतीचे ताजे तेल २३० अंशांच्या खाली उकळू नये असे मानक आहे, पण ओल मुरल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलेल्या तेलात वाफ धरली की पाय फळीपर्यंत जातो आणि गाडी थांबत नाही.

घाट उतरून सपाटीला आल्यावर गाडी बाजूला घेतली आणि हाताची पालथी बाजू न टेकवता ट्रेलरच्या चाकांच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, नेली. दोन्ही गरम होते, पण सारखेच गरम. एक जास्त तापले असते तर तिथला ब्रेक अडकला आहे किंवा बेअरिंग संपत आले आहे, असे समजलो असतो.

तळपणला पोहोचलो तेव्हा भरती चढत होती आणि मित्राला घाई झाली होती. मी ट्रेलरच्या दिव्यांची पिन काढून ठेवली आणि अर्धा तास थांबायला सांगितले. "भरती चुकतली मरे!" तो ओरडला. तापलेला हब थंड खाऱ्या पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलवाटे पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. मग परतीच्या वाटेवर नाही तरी पुढच्या मे महिन्यात ते बेअरिंग रस्त्यातच बसते. हे मी त्याला समजावीत राहिलो तोवर अर्धा तास झालाही. मग फोर-व्हील लो, म्हणजे चारही चाकांना सावकाश पण जोराने फिरवणारा गियर, लावून, स्टेअरिंगच्या तळाशी हात धरून ट्रेलर मागे घेतला. हात डावीकडे नेला की शेपटी डावीकडे जाते, एवढे लक्षात ठेवले की उलटे चालवताना गोंधळ होत नाही. होडी तरंगली. रिकामा ट्रेलर वर ओढून मित्राच्या विहिरीच्या पाण्याने चाके आणि ब्रेक धुतले, हबमध्ये ग्रीस भरले आणि ती फळी, पुन्हा लागेल म्हणून, हौद्यात टाकली.