चढलात? आता साहेबांना खाली आणा

आमच्या फर्मच्या हातचं पहिलं मोठं काम एका चाचणीत गेलं. चढायला तर आम्ही चारच मिनिटं घेतली होती.

2014 ची गोष्ट. मी आणि माझा मावसभाऊ, दोघंही सह्याद्रीत वाढलेले. शनिवार-रविवार सुळक्यांवर, आठवडाभर पोटासाठी कुणाची टाकी रंगव, कुणाच्या छपरावर टेकलेली फांदी काढ. फांद्यांची कामं वाढली तशी व्हिजिटिंग कार्डं छापली, आणि लगेच पुण्याजवळच्या एका कारखान्यातून आवारातल्या झाडांच्या पावसाळ्याआधीच्या छाटणीसाठी बोलावणं आलं. अट एवढीच की आधी हाइट पास, म्हणजे उंचावर काम करायची परवानगी, काढा आणि मग चढून दाखवा.

बीपी तपासलं, डोळे मिटून एका पायावर उभं केलं. मग एका जुन्या रेन ट्रीखाली नेलं. भाऊ चढला. सेफ्टी ऑफिसरनं घड्याळ बघितलं, मान हलवली आणि मला म्हणाले, "छान. आता समजा, वरचा माणूस बेशुद्ध पडलाय. खाली आणा."

भाऊ वरून हसला. मला हसू आलं नाही.

माझ्याकडे होता तो कड्यावरचा दोर. पडणाऱ्याला हिसका बसू नये म्हणून तो ताणला जातो, आणि कड्यावर तेच हवं असतं. झाडावर मात्र मी हातभर ओढलं की वीतभर वर जायचो. कसाबसा पोचलो, भावाला माझ्या हार्नेसला अडकवलं आणि दोघांचं वजन एका प्रुसिक गाठीवर घेतलं, म्हणजे दोरावर सरकणारी, पण वजन आलं की आवळून धरणारी गाठ. गाठ अशी आवळली की नखानंही सुटेना. वीस मिनिटांनी भाऊ "शुद्धीवर" आला आणि आपला आपण उतरला. खाली कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

ते ऑफिसर ओरडले नाहीत. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साचत जातं, थोड्या मिनिटांतच जिवावर बेतू शकतं, एवढं समजावलं आणि आम्हाला चहा पाजला. काम दुसऱ्यांना मिळालं.

त्यानंतर तीन महिने मामाच्या शेतातल्या चिंचेवर तालीम केली. चिंच शिकायला उत्तम, लाकूड चिवट, चूक पोटात घालते. जांभळावर आणि शेवग्यावर मात्र नवशिक्याला चढवू नये. हिरवीगार फांदीही न सांगता कडकन मोडते. गुलमोहराचाही भरवसा नाही. कमी ताणणारा दोर घेतला. वाळूची पिशवी बांधलेली बारीक दोरी हव्या त्या बेचक्यातून फेकायला शिकलो, ते ऐकायला सोपं आहे, पण पहिल्या दिवशी पिशवी मामाच्या कौलांवरच जास्त वेळा पडली. वजन आलेलं असतानाही सोडता येईल अशी उतरायची सोय बसवली. करवत हातात असेल तेव्हा दोन ठिकाणी बांधलेलं असायचं, हा नियमही तिथलाच, कारण एक दोर आपल्याच करवतीखाली येऊ शकतो. सरसर उतरायची हौसही गेली. घर्षणानं दोर तापतो, गाठीची दोरी चकाकते, आणि अशी चकाकलेली दोरी टाकूनच द्यावी लागते.

पुढच्या वर्षी त्याच कारखान्यात पास झालो. ती कामं आजही आमच्याकडे आहेत.

मधली वर्षं थोडक्यात सांगतो. चेनसॉ आले, कर्ज आलं, ते फिटलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि आम्ही दिवेआगरकडे गेलो. घरांवर कललेले माड, पोफळींच्या आडव्या झालेल्या बागा. सुंभाचा वेढा पायात घालून माडावर सरसर जाणारे पाडेली तिथे जवळून पाहिले. आमची सगळी सामग्री त्यांना लग्नातल्या दागिन्यांसारखी वाटत असावी.

आता माणसं घेताना चाचणी आम्ही घेतो. येणाऱ्यांत निम्मे ट्रेकर, बाकीचे पाडेली नाहीतर उसाच्या हंगामानंतर काम शोधणारे. झाडावर वाळू भरलेली जीन्स आणि शर्ट टांगलेला असतो, वजन सत्तर किलो. पोरांनी त्याचं नाव ठेवलंय साहेब. साहेबांना सुखरूप खाली आणायचं, एवढीच परीक्षा. वेळ लावतो, पण किती मिनिटांत चढला ते लिहून ठेवत नाही.

तयारी करून येणाऱ्यांना माझं सांगणं: गाठी अंधारात बांधून बघा. आपला हार्नेस आणा आणि त्याची शिवण आधी स्वतः तपासा, मी तपासणारच आहे. हातकरवतीनं जाड फांदी कापायला सांगितली तर पहिला काप खालून द्या, नाहीतर साल बुंध्यापर्यंत सोलत येते. चेनसॉची कौशल्यं त्या दिवशी दाखवू नका. एका मुलीनं चढण्याआधी विचारलं, "सर, छाटणीची परवानगी आहे ना?" शहरात 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ते कागद बघायचं भान अनुभवी मुकादमालाही नसतं. तिला चढायच्या आधीच पाच गुण दिले.

गेल्या वर्षी श्रीवर्धनकडचे एक काका आले, पन्नाशीचे, जन्मभर माडावर. हार्नेस कधी घातला नव्हता, म्हणून मी त्यांना शेवटी ठेवलं होतं. त्यांनी हार्नेस हातातच धरला आणि झाडाला फेरी मारायला निघाले. मागच्या बाजूला वेलीचं जाळं होतं, ते कोयत्यानं बाजूला केलं. बुंध्याशी ताटलीएवढं लाकडी भूछत्र. कोयत्याच्या पाठीनं त्यांनी खोडावर ठोकलं. बद्द आवाज आला, आतून कुजलेल्या लाकडाचा.

"ह्याच्यावर मी नाय चढणार," काका म्हणाले. "आणि तुमच्या त्या साहेबाक पण उतरवा."

त्याच झाडाला आम्ही तीन वर्षं पोरं लटकवत होतो. दरवर्षी दोर, गाठी, हार्नेस तपासले, पण वेलीमागे कुणी डोकावलं नव्हतं. त्या दिवशीची चाचणी रद्द केली, आलेल्यांना भाडं देऊन परत बोलावलं.

साहेब आता मामाच्या चिंचेवर असतात. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी काका तिथे जाऊन फेरी मारतात. त्यांचा हार्नेस अजून सैलच असतो, त्यावरून आमचं रोज भांडण होतं.