खांब हवेत होता

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं हे घर माझ्या चांगल्या ओळखीचं. नऊ वर्षांपूर्वी, सिव्हिलचा डिप्लोमा होऊन दोनच वर्षं झाली असताना, मी तिथं ठेकेदारी केली होती. बाहेरून सगळ्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर आणि अंगणात आणि सांदवाडीत, म्हणजे मागच्या परसात, काँक्रीट. काम संपल्यावर घरच्या काकांनी गावातल्या चार जणांना बोलावून ते दाखवलं होतं. त्यातल्या दोघांनी मलाच काम दिलं.

या मे महिन्यात त्यांनी पुन्हा बोलावलं. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, सागवानी खांबांचं, काकांच्या आजोबांनी बांधलेलं. आता त्यात ऐंशी पार केलेली आजी, काका-काकू, मोठा मुलगा, सून, नात, आणि लग्न ठरलेला धाकटा. धाकट्याच्या नावानं घरकुल मंजूर झालं होतं. त्याचे १ लाख २० हजार आणि कापसाचे थोडे पैसे मिळून मागच्या सांदवाडीत दोन खोल्या, मोठं स्वयंपाकघर आणि आजीसाठी कमोडचं न्हाणीघर काढायचं ठरलं. चूल एकच राहणार, हे काकूंनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं.

आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. म्हणून नव्या बांधकामाचा पाया मी सात फुटांवर, मुरूम लागेपर्यंत नेला, आणि जुन्या भिंतीपासून दोन इंच फट सोडली. या फटीवरून घरात रोज वाद. "विंचू शिरतीन नं भाऊ," असं सून म्हणे. पण जुनं घर उथळ पायावर ऋतूप्रमाणे वरखाली होतं, नवं मुरमावर जागचं हलत नाही. दोघांना एकमेकांत बांधलं तर पहिल्याच पावसाळ्यात जोडावर चीर जाते. फटीवर पत्र्याची पट्टी, ती फक्त एका बाजूला ठोकलेली, एवढंच लागतं. मी हटलो नाही.

त्या दिवशी काम साधं होतं. जुन्या मागच्या भिंतीत नव्या खोल्यांकडे जायला दार फोडायचं. मिस्त्रीनं पहिली छन्नी मारली आणि थांबला. "साहेब, पोकळ वाजून रायलं." दुसऱ्या घावाला प्लास्टरचा परातीएवढा तुकडा अख्खा सुटून खाली आला. मागची माती ओली होती. मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, आणि भिंतीत बोट घातलं की चिखल लागत होता. भिंतीतल्या खांबाच्या बुडाशी मी पेचकस लावला. तो मुठीपर्यंत आत गेला. उधईनं, म्हणजे वाळवीनं, वरची कातडी तेवढी ठेवली होती. माती आणखी काढली तेव्हा दिसलं की खांब आणि त्याच्या बुडाखालचा दगड, म्हणजे तळखडा, यांच्यात चार बोटं नुसती भुसभुशीत माती आहे. खांब हवेत होता. छताचा भार त्या ओल्या भिंतीवर आणि मी केलेल्या इंचभर प्लास्टरवर टेकलेला होता.

धाब्याच्या घरात छत पेलतात ते खांब आणि त्यांच्यावरच्या आडव्या तुळया, म्हणजे मयाली, भिंत नव्हे. भिंत ढासळली तरी छत उभं राहतं, हेच या घरांचं शहाणपण. खांब कोरडा राहावा म्हणून बांधणाऱ्यानं तळखडा जमिनीच्या वीतभर वर ठेवला होता. मी मुरमाची भर घालून काँक्रीट केलं आणि ती वीत गाडून टाकली. अंगणातलं पाणी पूर्वी मातीत मुरायचं, ते भिंतीच्या बुडाशी जाऊ लागलं. मातीची भिंत ओल बाहेर सोडते, तिची ती वाट सिमेंटनं बंद केली. तीन वर्षांच्या डिप्लोमात मातीच्या भिंतीवर आम्हाला एक तासही शिकवलं नाही. पण शाळेपासून कितीदा सेवाग्रामची बापू कुटी पाहिली! १९३६ नंतर उभ्या राहिलेल्या त्या भिंती आजही मातीनंच लिपतात, हे डोळ्यांनी पाहून मला काहीच कळलं नव्हतं.

घरच्यांना बाहेर काढलं. आजी ओसरीवरच्या खाटेवरून उठेना. शेवटी मोठ्या नातवानं खाटेसकट उचलून निंबाखाली नेली.

गावात एक म्हातारे वाढई, म्हणजे सुतार, आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी खांबाला खालून वर हातोडीनं ठोकत कान लावला आणि सव्वा फुटावर खडूची रेघ ओढली. "याच्या वरतं सोनं हाय." मयालीखाली दोन्ही बाजूंना बल्ल्यांचे टेकू दिले. मी लगेच जॅक लावायला निघालो, तर म्हणाले, "काहाची घाई हाय? आंधी वरचं वझं उतरव." गळती लागली की पांढरी माती टाकायची, असे किती थर त्या दहा बाय आठच्या खणावर साचले होते. उतरवून मोजली तर माती एक ब्रास भरली, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास. मग दोन जॅकवर मयाल फक्त दोन सूत उचलली, रेघेवर खांब कापला आणि खाली नवीन लाकूड न जोडता घडीव काळा दगड बसवला, वर खांबापुरती खाच करून. जॅक सोडले तेव्हा सागवान एकदा करकरलं. वाढईकाकाजी म्हणाले, "बसला."

न्हाणीघर मी जुन्या भिंतीलगत काढलं होतं, ते त्याच रात्री नकाशात पलीकडे नेलं. सगळं प्लास्टर काढलं, भिंतीलगतचं दोन फूट काँक्रीट कापून तिथं गिट्टीची नाली केली, भिंत वाळल्यावर माती, कुटार (भुसा) आणि शेणाचा लेप द्यायचा. हा खर्च मी माझ्या मजुरीतून वळता केला. घरकुलाच्या पैशात तो बसत नाही. नव्या जोत्याचा फोटो गेला की हप्ता येतो, पण जुन्या खांबाखाली दगड घालायला त्यातला रुपया वापरता येत नाही. त्यामुळे गावोगाव चांगलं सागवान पाडून लोक नवं बांधतात. मला हे पटत नाही.

संध्याकाळी आजीजवळ बसलो. माझंच चुकलं, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भितीले घाम येते म्हनून मी दोन वर्सांपासून सांगून रायली, बापू. हे म्हनत, बुढीले भास होते." मग म्हणाल्या, "तू तं तवा लेकरूच होता." यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

घरी येऊन जुन्या डायऱ्या काढल्या. अशीच प्लास्टरं मी आणखी अकरा घरांना केली आहेत. आतापर्यंत चार घरी जाऊन आलो. दोघांनी बुडाशी हातभर फोडू दिलं; एक कोरडं निघालं, एकात उधई. तिसऱ्या घराला कुलूप, माणसं पुण्याला. चौथ्यानं दारातच अडवलं, "चांगलं प्लास्टर काहून फोडू? तूच तं केलं." त्यांच्या ओसरीत नातवाचा पाळणा नेमका मागच्या भिंतीजवळच्या मयालीला बांधलेला दिसला. मृग लागायच्या आत वाढईकाकाजींना घेऊन तिथं पुन्हा जाणार आहे.