त्या चिंध्या नव्हेत
सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या आमच्या गल्लीत एक सत्तरीचे गृहस्थ राहतात. मी ठाण्याचा, म्हणजे मुंबईच्या शेजारचा, एवढं कळल्याबरोबर ते घरात गेले आणि 'दिगा ऱ्हिदम बँड'ची १९७६ ची एलपी घेऊन आले. कडांना धरून, तबकडीला बोट लागू न देता त्यांनी ती दाखवली. त्यांच्या लेखी तबलावादक झाकीर हुसेन म्हणजे 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकी रॉक बँडच्या ड्रमर मिकी हार्टचे जोडीदार. त्यांच्या बायकोच्या लेखी मात्र नृत्यदिग्दर्शक अलोन्झो किंगच्या बॅलेसाठी २००९ मध्ये 'शेहेरजाद'चं संगीत नव्याने बांधणारे संगीतकार. हा माणूस नक्की करायचा तरी काय, असा प्रश्न दोघांनाही कधी पडलेला नाही.

मला ठाण्यातलं, नौपाड्यातलं आत्याचं घर आठवलं. आतेभाऊ तबला वाजवतो. सकाळी कथकच्या क्लासला साथ, दुपारी मालिकेच्या पार्श्वसंगीताचं रेकॉर्डिंग, शनिवारी बँडमध्ये ऑक्टोपॅड. घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" मला हे फार लागतं. क्लासमध्ये वाजवताना त्याची नजर स्वतःच्या हातांवर नसतेच, मुलींच्या टाचांवर असते. एखादीची तिहाई, म्हणजे तीनदा येणारा शेवटचा तुकडा, घाईत निघाली, तर हा ठेक्याला असा काही आवरून घेतो की ती बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, उतरते आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. दुसऱ्याचा श्वास ओळखायची ही सवय लागली की पडद्यावरच्या प्रसंगाला काय हवं, तेही कळतं. झाकीरभाईंनीही सितारादेवी, बिरजू महाराजांच्या पायांना साथ केली होती. १९७३ मध्ये गिटारवादक जॉन मॅकलॉफलिनबरोबर 'शक्ती' हा बँड, पुढे 'मिस्टर अँड मिसेस अय्यर' सिनेमाचं संगीत, अमेरिकी नृत्यदिग्दर्शक मार्क मॉरिसच्या नर्तकांसाठी 'कोलम'. मला यात एकच काम दिसतं, साथीचं.

आणि हे इथल्या लोकांनी शिकवलं असं कोणी म्हणू नये. त्यांचे वडील अल्लारखाँ ए. आर. कुरेशी या नावाने हिंदी सिनेमांना संगीत देत होते आणि पुढे रविशंकरांबरोबर जगभर वाजवत फिरले. ते घर माहीमचं, कॅलिफोर्नियाचं नव्हे. इथे नृत्यसंस्था संगीतकाराकडून नवं काम मुद्दाम करून घेतात, त्याचे वेगळे पैसे देतात, हे मात्र खरं. आपल्याकडे तो खर्च मंडपाच्या आणि साउंडच्या मागे उरला तर.

परदेशात गेलं की घरचं सगळं खुपायला लागतं, असं मला ऐकवलं जातं. माझा जीव तिथे आहे म्हणून खुपतं.

आत्या सध्या त्याच्यासाठी स्थळं बघते आहे. बायोडेटात 'व्यवसाय'पुढे 'तबला व इतर' असं लिहिलंय. आत्या, तिथे 'संगीतकार' लिही. घाणेकर नाट्यगृहात झालेल्या ज्या नृत्यनाटिकेला त्याने संगीत दिलं, तिचंही नाव घाल. स्थळं कमी आली तर येऊ देत.