टेंभुर्णीची गाडी आणि तीस हजारांची कुमक

अमेरिकेतल्या मोठ्या घोषणा मराठी दैनिकाच्या फार अडचणीच्या वेळी होतात. बराक ओबामांनी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक धाडण्याचं जाहीर केलं तेव्हा तिथे १ डिसेंबर २००९ ची रात्र होती आणि पुण्यात २ तारखेची सकाळ, साडेसहाचा सुमार. म्हणजे त्या दिवशीचा अंक दारोदार पडलेला आणि पुढचा वाचकाच्या हातात जायला अख्खा दिवस बाकी. तोवर टीव्हीवाल्यांनी बातमीचा चोथा करून ठेवलेला असणार.

दुपारच्या मीटिंगमध्ये वृत्तसंपादकांनी यावर तोडगा काढला. "बातमी दोन कॉलम, बाकी ग्राफिक करा. तेव्हाचं व्हिएतनाम, आताचं अफगाणिस्तान, फौज किती होती आणि किती आहे. मथळा 'दुसरं व्हिएतनाम?' आणि प्रश्नचिन्ह विसरू नका." प्रश्नचिन्ह टाकलं की मथळ्याची निम्मी जबाबदारी अंगावरून जाते, असा आमच्या धंद्यात समज आहे. तेवढ्यात कोणीतरी "पानिपतही घ्या की" असं सुचवलंच. पुण्यात कुठल्याही लढाईचा विषय निघाला की अर्ध्या तासात माणसं पानिपतावर पोचतात. मग गोविंदपंत बुंदेले मारले गेले नसते तर रसद टिकली असती का, यावर चहा होईपर्यंत वाद झाला आणि मीटिंग संपली.

परदेश पान माझ्याकडे होतं. आकडे जमवायला फारसा वेळ लागला नाही, कारण व्हिएतनामचे आकडे अमेरिकनांनी स्वतःच इतक्या वेळा उगाळलेत. मार्च १९६५ मध्ये मरीन्सच्या दोन बटालियन, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं, दानांगच्या किनाऱ्यावर उतरली. काम एकच होतं, तिथल्या विमानतळाची राखण. जुलैत अध्यक्ष जॉन्सनने फौज ७५,००० वरून सव्वा लाखावर नेण्याचं जाहीर केलं. वर्ष संपताना ती १,८४,००० झाली होती, १९६६ च्या अखेरीस ३,८५,०००, आणि एप्रिल १९६९ मध्ये ५,४३,००० च्या वर. अफगाणिस्तानचे आकडे ओबामांच्या भाषणातच होते. ते सत्तेवर आले तेव्हा तिथे ३२,००० सैनिक होते. भाषणाच्या दिवशी ६८,००० झालेले आणि आता त्यात ३०,००० ची भर. तिथल्या फौजेचे प्रमुख जनरल मॅकक्रिस्टल यांना ४०,००० हवे होते. कुमक आली नाही तर मोहीम फसेल, असा त्यांचा अहवाल सप्टेंबरमध्ये फुटून वॉशिंग्टनच्या पेपरात आलाच होता.

आमच्या आर्टिस्टने हेल्मेटवाला एक छोटा शिपाई काढला. एक शिपाई म्हणजे दहा हजार माणसं. मग कॉपी-पेस्ट करत व्हिएतनामचे चोपन्न शिपाई उभे केले. खालचं अर्धं पान एनए प्लॉटच्या जाहिरातीचं, त्यामुळे शेवटची रांग 'स्वप्नातलं घर'वर जाऊन चढली. शेजारी अफगाणिस्तानचे दहाच. वर मथळा ओरडतोय 'दुसरं व्हिएतनाम?' आणि खाली चित्र सांगतंय, छे हो, कुठे चोपन्न नि कुठे दहा!

आकडे बरोबर, चित्रही बरोबर, तरी मला ते पटेना. म्हणून क्षेत्रफळ काढून पाहिलं. दक्षिण व्हिएतनाम होतं पावणेदोन लाख चौरस किलोमीटरच्या आत, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त. अफगाणिस्तान महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं. शिवाय अमेरिकी लष्कराची २००६ ची बंडखोरीविरोधी लढाईची पुस्तिका सांगते की दर हजार लोकांमागे वीस जवान-पोलीस हवेत. अफगाणिस्तानची लोकसंख्या पावणेतीन-तीन कोटी धरली तरी साडेपाच-सहा लाख माणसं लागतात. अमेरिकन एक लाख, मित्रदेशांचे थोडे, उरलेले कोण? भाषणात त्याचं उत्तर होतं, अफगाण फौज. ती उभी करायची, शिकवायची आणि अठरा महिन्यांनी, जुलै २०११ पासून, आपण निघायला लागायचं.

व्हिएतनामशी तुलना हा इतिहासाचा चुकीचा अर्थ आहे असं ओबामांनी भाषणात ठणकावून सांगितलं होतं. त्यासाठी तीन कारणं दिली: यावेळी ४३ देश सोबत आहेत, तिथे व्यापक जनतेचा उठाव नाही, आणि अमेरिकेवर हल्ला याच भूमीतून झाला. तिसरं कारण बिनतोड. दुसऱ्यावर वाद घालता येईल. पहिलं मात्र मला लंगडं वाटलं. व्हिएतनाममध्येही अमेरिका एकटी नव्हती. ऑस्ट्रेलिया, थायलंड होते, आणि दक्षिण कोरियाची फौज तर एकेकाळी पन्नास हजारांच्या घरात होती. खरा फरक त्यांनी सांगितलाच नाही. तेव्हा सक्तीची भरती होती. बरोबर चाळीस वर्षांपूर्वी, १ डिसेंबर १९६९ च्याच संध्याकाळी, जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून कोणाच्या पोराने लढायला जायचं हे ठरवणारी पहिली सोडत टीव्हीवर झाली होती. २००९ मध्ये जाणारे सगळे स्वखुशीने भरती झालेले. त्यामुळे विद्यापीठं पेटली नाहीत, आणि माझ्या मते म्हणूनच हे युद्ध व्हिएतनामपेक्षा जास्त लांबलं.

एवढं सगळं चौकटीत मावणार नव्हतं. मी काय ठेवायचं नि काय काढायचं याची काटछाट करत बसले होते, आणि बाहेरगावी जाणाऱ्या, म्हणजे डाक आवृत्तीची वेळ टळत चालली होती.

तेवढ्यात जिन्यावरून सुभेदारसाहेब आले. आमच्या वितरण विभागात रात्रीच्या गाड्या त्यांच्याकडे होत्या. सातारा जिल्ह्यातले, सगळी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे फौजेला रेशन-इंधन पोचवणाऱ्या दलात झालेली. पान उशिरा सुटलं की ते संपादकांनाही जुमानत नसत.

"मॅडम, पान सोडताय का नाही? टेंभुर्णीची गाडी कवाधरनं लागलीय खाली. यवत, भिगवण, इंदापूर, सगळीकडं पोरं पार्सलसाठी थंडीत उभी राहणार."

"पाचच मिनिटं, साहेब."

"तुमची पाच मिनिटं मला ठाऊक हायेत."

खाली जाण्याऐवजी ते आर्टिस्टच्या मागे उभे राहिले. खिशातून चष्मा काढला. "हे शिपाई कसले?"

"एक म्हणजे दहा हजार," आर्टिस्ट म्हणाला.

"यात स्वयंपाकी कुठले?"

आर्टिस्ट हसला. साहेब हसले नाहीत. स्क्रीनवर बोट टेकवून एकेक शिपाई वगळायला लागले. "हा ड्रायव्हर. हा मेकॅनिक. हा दवाखान्यात. हा कारकून. हा त्या सगळ्यांच्या राखणीला. आता बोला, बंदूक घेऊन गावात फिरायला किती उरले?"

मग ते श्रीलंकेवर आले. १९८७ च्या जुलैत राजीव गांधी आणि जयवर्धने यांचा करार झाला आणि भारतीय शांतिसेना जाफन्याजवळ पलालीला उतरली. सुरुवातीला एक डिव्हिजन, तीही तमिळ वाघांची, म्हणजे एलटीटीईची शस्त्रं जमा करून घ्यायला. ऑक्टोबरपर्यंत त्याच वाघांशी उघड लढाई जुंपली. एकाच्या चार डिव्हिजन झाल्या, फौज सत्तर हजारांच्या पुढे गेली. या सगळ्या मोहिमेची सूत्रं सुरुवातीला होती ते सदर्न कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग, म्हणजे आपल्या पुण्याच्या मुख्यालयाचे. तरी पुण्यात शांतिसेनेची आठवण आजही कोणी फारशी काढत नाही. अकराशेहून अधिक जवान गमावून मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तेव्हा मद्रासला स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्रीही गेले नव्हते.

साहेब यातलं काहीच बोलले नाहीत. ते बोलले रस्त्याबद्दल.

"वीस गाड्यांचा कॉन्व्हॉय काढायचा म्हटलं की आधी रोड ओपनिंग पार्टी. उजाडलं की माणसं रस्त्याच्या दोन्ही अंगानं चालत सुटायची. प्रत्येक मोरीखाली वाकून बघायचं, वायर दिसती का, माती नवी हाय का. दोन-दोन तास. तवर गाड्या उभ्या. आणि त्या पार्टीला पाणी न्यायला आणखी एक गाडी. आता डिव्हिजन वाढली की रेशन वाढलं. रेशन वाढलं की गाड्या वाढल्या. गाड्या वाढल्या की रस्ता राखायला माणसं वाढली. नवी आलेली माणसं गेली कुठं? रस्त्यावर."

मी दानांगची नोंद पुन्हा वाचली. विमानतळ राखायला साडेतीन हजार. मग त्यांच्या तळाभोवतीचा परिसर राखायला आणखी. मग परिसराबाहेर गस्तीला आणखी. कुठलीच भर जिंकण्यासाठी मागितलेली नव्हती, आधी गेलेले अडचणीत आहेत म्हणून मागितलेली होती. आणि व्हिएतनामला निदान समुद्रकिनारा होता, जहाजं थेट लागत. अफगाणिस्तानला समुद्रच नाही. नाटोचा बहुतेक माल कराचीला उतरून खैबर आणि चमनमार्गे ट्रकने वर चढायचा. डिसेंबर २००८ मध्ये पेशावरच्या ट्रक टर्मिनलवर शंभराहून अधिक गाड्या एका रात्रीत जाळल्या गेल्या होत्या. ओबामांनी भाषणातच सांगितलं होतं की या वाढीव ३०,००० चा वर्षाचा खर्च अंदाजे ३० अब्ज डॉलर. म्हणजे दर सैनिकामागे दहा लाख. यात लढाईचा भाग किती नि डिझेलचा किती, हे साहेबांना विचारायची सोय होती, पण त्यांची गाडी उभी होती.

जाताजाता त्यांनी विचारलं, "बरं, हे परत गेल्यावर तिथल्या फौजेला आटा-डिझेल कोण देणार?" उत्तराला थांबले नाहीत. जिन्यावरूनच म्हणाले, "दोन वर्षांत गाशा गुंडाळतील बघा." हा त्यांचा अंदाज साफ चुकला. अमेरिकनांना दोन नाही, जवळजवळ बारा वर्षं लागली.

डाक आवृत्तीचं पान चोपन्न शिपायांसकट गेलं. टेंभुर्णीच्या वाचकांना तेच मिळालं. शहर आवृत्तीला मात्र अजून वेळ होता, आणि आटा-डिझेलचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. अमेरिकेने व्हिएतनाममधून निघायचं ठरलं तो पॅरिसचा करार जानेवारी १९७३ चा. अमेरिकन गेल्यावर दक्षिण व्हिएतनामची फौज लगेच कोसळली नव्हती, दोन वर्षं लढली. १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मदत कापली, इंधन आणि दारूगोळा मोजूनमापून वापरायची वेळ आली, आणि ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. त्याहून बोलकं उदाहरण खुद्द काबूलचं. सोव्हिएत फौज एक लाखाच्या वर गेली होती. १९८६ मध्ये सोव्हिएत लष्कराचे प्रमुख मार्शल अख्रोमेयेव यांनी पॉलिटब्युरोला सांगितलं होतं की आपल्या सैनिकाचा पाय पडला नाही असा या देशाचा तुकडा उरला नाही, तरी बहुतेक मुलूख बंडखोरांच्याच हातात आहे. १५ फेब्रुवारी १९८९ ला जनरल ग्रोमोव पूल ओलांडून परतले. सगळे म्हणत होते, त्यांच्या पाठिंब्यावर बसलेला अफगाण अध्यक्ष नजीबुल्ला महिनाभरात जाईल. तो तीन वर्षं टिकला, कारण मॉस्कोहून धान्य, इंधन आणि शस्त्रं येत राहिली. सोव्हिएत संघच विसर्जित झाला, पुरवठा आटला आणि एप्रिल १९९२ मध्ये नजीबची सत्ता गेली.

मी आर्टिस्टला म्हटलं, शिपाई काढ. त्याने मान वर केली, "सगळे? अगं, दुपारपासून त्यांच्या हेल्मेटवर बसलोय मी." पण काढले. त्या जागी तीन आडव्या ओळी केल्या, व्हिएतनाम, सोव्हिएत अफगाणिस्तान आणि अमेरिकी अफगाणिस्तान. प्रत्येकीत चार खाने: फौज किती, कशासाठी मागितली, परत कधी, आणि मागे राहिलेल्या फौजेचा खर्च कोणी केला. शेवटच्या ओळीतले दोन खाने मोकळेच ठेवले. वृत्तसंपादकांनी प्रिंट हातात घेऊन विचारलं, "हे ग्राफिक आहे की परीक्षेचा पेपर?" मग घड्याळाकडे बघून सही केली. मथळा त्यांनी हलू दिला नाही, प्रश्नचिन्हासकट. पुढच्याच आठवड्यात अमेरिकी संरक्षणमंत्र्यांना शेजारी बसवून अफगाण अध्यक्ष करझाईंनी सांगून टाकलं की आणखी पंधरा-वीस वर्षं तरी अफगाणिस्तानला ही फौज स्वतःच्या पैशाने पोसता येणार नाही. ती बातमी मी सिंगल कॉलममध्ये घेतली. जागाच तेवढी होती.

२०२१ च्या १५ ऑगस्टला काबूल पडलं तो रविवार होता. स्वातंत्र्यदिनाची सुट्टी असल्यामुळे १६ तारखेला आमचा अंकच नव्हता. पुन्हा तेच, जग हलायचं आणि आपण एक दिवस मागे. कागदोपत्री तीन लाखांची अफगाण फौज काही दिवसांत विरघळली होती. त्यातले किती जण फक्त पगारपत्रकावर होते, हा वेगळा हिशेब. जुलैच्या सुरुवातीला अमेरिकनांचा बगरामचा हवाई तळ रिकामा झाला होता, आणि अफगाण हवाई दलाची विमानं-हेलिकॉप्टरं दुरुस्त करणारे परदेशी कंत्राटदारही निघून गेले होते. डोंगरातल्या चौक्यांना दाणागोटा आणि गोळ्या पोचायच्या त्या याच हेलिकॉप्टरांनी.

१७ च्या अंकासाठी नव्या वृत्तसंपादकांचा निर्णय तयार होता. सायगावच्या छपरावरचं हेलिकॉप्टर आणि काबूलच्या धावपट्टीवरचं विमान, दोन फोटो शेजारीशेजारी, पाच कॉलम. मी जुन्या तीन ओळींची चौकट मागितली. ते म्हणाले, जागा नाही, कॅप्शनमध्ये टाका. कॅप्शन दोन ओळींची. सायगावचं ते छप्पर अमेरिकी दूतावासाचं नव्हतं, गिया लाँग रस्त्यावरच्या एका इमारतीचं होतं, हेही लिहायला हवं होतं. दोन्ही मावत नव्हतं. मी कंत्राटदार ठेवले.