बोहिन्यचं तळं ते विसचं बंदर : स्लोव्हेनिया-क्रोएशियातले चौदा दिवस

वोगेल डोंगरावर गाइडने आम्हाला दोन्हीकडे बघायला लावलं. पायाखाली उत्तरेला बोहिन्यचं तळं. त्यातून निघणारं पाणी सावा नदीतून बेलग्रेडला डॅन्यूबला मिळतं आणि शेवटी काळ्या समुद्रात जातं. पाठीमागच्या डोंगररांगेपलीकडे पडलेला पाऊस मात्र सोचा नदीतून एड्रियाटिक समुद्रात उतरतो. माझे दीर लगेच म्हणाले, "वहिनी, म्हणजे आपलं महाबळेश्वरच की! कृष्णा पूर्वेला, सावित्री पश्चिमेला." आम्हीही पुढे त्या एड्रियाटिककडेच निघालो होतो. सात रात्री जमिनीवर आणि सात शिडाच्या बोटीवर, असा हा गाइडसोबतचा दौरा. जूनच्या उत्तरार्धात आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि आणखी चौघं, असे आठ जण गेलो.

आधी व्हिसाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त फोन मला त्यासाठीच आले. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. म्हणजे आता दोन्ही देशांना एकच व्हिसा, एकच चलन. जुन्या प्रवासवर्णनांत 'कुना' हे क्रोएशियाचं जुनं चलन दिसलं तर तो भाग सोडून द्या. अर्ज मात्र ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. आमच्या स्लोव्हेनियात पाच रात्री आणि क्रोएशियात नऊ, त्यामुळे अर्ज क्रोएशियाकडे गेला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात तारखा मिळायला वेळ लागतो, म्हणून मार्च उजाडायची वाट बघू नका. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. तो घेताना शिडाच्या बोटीवरचा प्रवास त्यात धरला आहे ना, हे वाचून घ्या.

तिकीट एकाच शहराचं जायचं-यायचं काढू नका. जाताना ल्युब्ल्याना आणि येताना स्प्लिट असं काढलं, तर परतीचा एक अख्खा दिवस वाचतो.

दोन रात्री बोहिन्यला, एक ब्लेडला, असा आमचा बेत होता. तो फार बरोबर निघाला. माझं ऐकाल तर ब्लेडची रात्रही बोहिन्यलाच द्या. सगळे दौरे ब्लेडवर भर देतात, कारण फोटो ब्लेडचे आहेत : मधोमध बेट, बेटावर चर्च, कड्यावर किल्ला. ते सुंदरच आहे. किल्ल्याचा पहिला लेखी उल्लेख १०११ चा आहे. बेटावर प्लेत्ना नावाच्या लाकडी होडीतून नेतात. नावाडी मागे उभा राहून दोन वल्ह्यांनी ती चालवतो. उतरलं की ९९ पायऱ्या. पण दहा वाजले की काठावर बस येऊन थांबतात आणि होडीसाठी रांग लागते. तळ्याला चालत फेरी सहा किलोमीटरची आहे. ती सकाळी सहा-सातला करा. पाण्यावर धुकं असतं आणि बदकांशिवाय कोणी नसतं. तिथल्या साय आणि कस्टर्डच्या चौकोनी केकचं, क्रेमश्नितेचं, खूप नाव आहे. त्यात अंडं असतं, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं.

बोहिन्य तिथून अर्ध्या-पाऊण तासावर, ट्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत. स्लोव्हेनियातलं हे सर्वांत मोठं कायमस्वरूपी नैसर्गिक तळं, खोली ४५ मीटर. काठावर हॉटेलांची भिंत नाही. टोकाला दगडी पूल आणि सेंट जॉनचं जुनं चर्च, आतल्या भिंतींवर मध्ययुगीन चित्रं. तळ्यातली प्रवासी बोट विजेवर चालते, त्यामुळे ती जवळून गेली तरी फक्त पाणी कापल्याचा आवाज येतो. पहिल्या संध्याकाळी मी आणि जाऊबाई गुडघाभर पाण्यात उतरलो. तळाचा एकेक गोटा मोजता येत होता. पाणी इतकं गार, की पोटऱ्या बधीर झाल्या, तरीही बाहेर यावंसं वाटेना. सूर्य डोंगराआड गेला तरी नऊ वाजेपर्यंत उजेड होता. या दौऱ्यात सगळ्यात शांत मी तिथे होते.

दुसऱ्या दिवशीचा क्रम महत्त्वाचा आहे. वोगेलचा रोपवे १,५३५ मीटरवर नेतो. तिथे सकाळीच जा. दुपारनंतर डोंगरात ढग दाटतात, गडगडाट होतो आणि ट्रिग्लावचं २,८६४ मीटरचं शिखर दिसेनासं होतं. सावित्सा धबधबा दुपारी केला तरी चालतो. ७८ मीटरची धार, वर जायला पाचशेहून जास्त पायऱ्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी न्या, उतरताना ती लागतेच. शिवाय या गवतात आणि झाडीत गोचीड असतात आणि त्यांच्यापासून आजार होतात. पायघोळ पँट, मोजे, आणि रात्री आंघोळीच्या वेळी काखा, गुडघ्यामागचा भाग नीट तपासणं, एवढं रोज करा. हे आम्हाला गाइडने पहिल्याच तासात सांगितलं, म्हणून मीही सांगते.

ल्युब्ल्यानाला एक रात्र पुरते. १८९५ च्या भूकंपात मोडलेलं हे शहर पुन्हा उभं राहिलं. नंतर प्लेचनिक या वास्तुरचनाकाराने त्याला आजचा चेहरा दिला. त्याची इथली कामं २०२१ पासून जागतिक वारशात आहेत. नदीवर एकाशेजारी एक असे तीन पूल आहेत, मधला जुना आणि बाजूचे दोन त्याचे. त्यांच्यावरून बाजारात जायचं, चेरी घ्यायच्या आणि नदीकाठी बसून खायच्या. नळाचं पाणी दोन्ही देशांत पिण्याजोगं आहे. बाटल्या विकत घेऊ नका.

पिरानला समुद्र पहिल्यांदा दिसला. व्हेनिसच्या काळातलं हे निमुळतं गाव. तार्तिनी या व्हायोलिनवादकाचा जन्म इथला, १६९२ चा, आणि मधल्या चौकात त्याचा पुतळा आहे. तो चौक पूर्वी बंदराचाच भाग होता, १८९४ मध्ये भराव घालून तो केला. गावाबाहेर सेचोव्ल्येची मिठागरं आहेत. भांडुप-मुलुंडची मिठागरं पाहत मी वाढले, त्यामुळे तिथे माझा पाय निघेना. वाफ्याच्या तळाशी शेवाळाचा आणि सूक्ष्म जीवांचा एक पातळ थर ते मुद्दाम जोपासतात. त्यामुळे मिठाला चिखल लागत नाही आणि ते पांढरंशुभ्र निघतं. मिठागराचा माणूस लाकडी फावड्याने ते हलक्या हाताने ओढत होता.

क्रोएशियातल्या प्लित्वित्सेची सोळा तळी मी थोडक्यात आटोपते, कारण तिथे गर्दी फार झाली. चुनखडीच्या पाण्यातून बांध आपोआप तयार होत जातात, त्यावरून धबधबे पडतात, रंग पाचूचा. तिकिटावर प्रवेशाची वेळ असते, ते आधी काढा, सकाळची पहिली वेळ घ्या. पोहायला मनाई आहे. कपडे घेऊन जाऊ नका.

स्प्लिटबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं. रोमन सम्राट डायोक्लिशियन इ.स. ३०५ मध्ये स्वतःहून गादी सोडून इथे राहायला आला. त्याचा राजवाडा म्हणजे आजचं जुनं गाव. सातव्या शतकात शेजारचं सलोना शहर पडलं, तेव्हा जीव वाचवून पळालेली माणसं या तटबंदीत शिरली, आणि तेव्हापासून वस्ती हललेली नाही. रोमन खांबाला टेकून कोणाचं तरी कपाट, कमानीत दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. ज्या सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा छळ केला त्याचीच समाधी पुढे कॅथेड्रल झाली. चौकात इजिप्तमधून आणलेला काळा स्फिंक्स बसला आहे. दिवसा उन्हात दगड तापतो आणि चौकात मुंगी शिरायला जागा नसते. म्हणून तळघरं दुपारी बघा, चौकात रात्री दहानंतर या. दगड झिजून गुळगुळीत झाला आहे, चपलेचा तळवा घसरणारा नको.

शनिवारी दुपारी बोटीवर चढलो. क्रोएशियात बोटी बहुधा शनिवार ते शनिवार भाड्याने मिळतात, त्यामुळे दौऱ्याच्या तारखा त्याप्रमाणेच ठरतात. गाइडने इथे निरोप घेतला आणि स्किपरने ताबा घेतला. बोट पन्नासेक फुटांची. आमच्या चार खोल्या, पुढच्या टोकाला स्किपरची छोटी जागा. खोली म्हणजे रेल्वेच्या कूपेएवढीच समजा. इथे आमची चूक झाली. दोघा सहप्रवाशांनी मोठ्या कडक बॅगा आणल्या होत्या. त्या ठेवायला बोटीत कुठेच जागा नव्हती आणि आठवडाभर त्या पलंगावर, त्यांच्या पायांशी राहिल्या. घडी घालता येईल अशी कापडी बॅगच न्या. बुटांचा तळवा पांढरा किंवा फिका हवा, काळ्याने डेकवर डाग पडतात. समुद्रात उतरताना रबरी बूट घाला, खडकांवर समुद्री अर्चिन असतात आणि त्यांचे काटे तळव्यात मोडतात.

पाणी टाकीतलं असतं आणि ते आठ जणांत पुरवायचं असतं. आधी समुद्रात डुंबून यायचं, मग डेकवरच्या नळाखाली मिनिटभर अंग धुवायचं. शौचालयात कागद टाकायचा नाही, पंप तुंबतो. बोट बंदरात लागल्यावरच वीज असते, तेव्हा फोन चार्ज करून घ्या. बंदराचं भाडं, नांगर न टाकता बोयाला (तळाशी बांधलेल्या तरंगत्या गोळ्याला) बोट बांधल्याचे पैसे, इंधन आणि स्किपरचं जेवण हे दौऱ्याच्या किमतीत आहे की वेगळं, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. आमचं वेगळं होतं.

आता वारा. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. तिथला उन्हाळी दुपारचा 'माएस्त्राल' म्हणजे साधारण आपला खारा वाराच, वायव्येकडून येणारा. सकाळी समुद्र तेलासारखा सपाट असतो, तेव्हा इंजिनावर जायचं. बारा-एकला वारा धरतो, मग शीड चढतं. इंजिन बंद झालं, बोट एका बाजूला कलली आणि फक्त पाण्याची सळसळ राहिली, तेव्हा जाऊबाई माझा हात घट्ट धरून होत्या. दहा मिनिटांत त्यांनीच सुकाणू मागितलं. ईशान्येकडची 'बुरा' थंड आणि झोतांनी येते. आग्नेयेचा 'युगो' ढग आणि लाटा आणतो. या युगोने आमचा एक दिवस बदलला.

बिशेवो बेटावरची निळी गुहा आमच्या कार्यक्रमात छापलेली होती. सूर्य अकरा-बाराच्या सुमाराला असतो तेव्हा पाण्याखालून उजेड आत येतो आणि गुहा निळी होते. पण तोंड इतकं बुटकं आहे, की लाट असली की गुहा बंदच ठेवतात. आदल्या रात्री स्किपरने हवामान बघून सांगितलं, उद्या नाही. एका सहप्रवाशाला राग आला. मला स्किपरचं पटलं. समुद्रावर त्याचाच शब्द शेवटचा असायला हवा. छापील कार्यक्रमातली निळी गुहा तुम्ही 'हवामान असेल तर' असंच वाचा.

त्या दिवशी विस गावाच्या आडोशाच्या बंदरात राहिलो आणि मला तो दिवस सगळ्यात जास्त आवडला. विस हे युगोस्लाव्ह सैन्याचं ठाणं होतं, १९८९ पर्यंत परदेशी माणसाला इथे प्रवेशच नव्हता. त्यामुळे मोठी हॉटेलं उभी राहिली नाहीत. भाड्याच्या गाडीतून बेटावर फिरलो. डोंगराच्या पोटात पाणबुड्यांसाठी खोदलेला बोगदा पाहिला, आणि द्राक्षमळ्यांमध्ये चक्क क्रिकेटचं मैदान! १८११ मध्ये याच बेटाजवळ विल्यम होस्ट या ब्रिटिश कप्तानाने फ्रेंच-व्हेनेशियन ताफ्याला हरवलं. त्याच्या खलाशांनी इथे क्रिकेट आणलं, आणि आजचा क्लब त्याच्याच नावाचा आहे. माझे दीर खेळपट्टीवर जाऊन उभे राहिले.

ह्वार गाव रात्री फार गजबजतं. झोप हवी असेल तर समोरच्या पाक्लेनी बेटांत बोयाला बोट बांधा आणि छोट्या टॅक्सीबोटीने गावात जाऊन या. चुकवू नका ते याच बेटावरचं स्तारी ग्रादचं मैदान. पारोस बेटावरच्या ग्रीकांनी इ.स.पू. ३८४ मध्ये इथे वसाहत केली आणि जमिनीचे आखीव तुकडे पाडले. त्या तुकड्यांमधल्या दगडी बांधांत आजही द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात. चुना-माती न लावता रचलेले ते बांध म्हणजे हुबेहूब कोकणातले गडगे. सायकल भाड्याने मिळते. सकाळी आठच्या आत निघा.

खाण्याचं : शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण विचारून घ्यावं लागतं. 'ब्लित्वा' म्हणजे पालकासारखी भाजी, बटाटा आणि लसूण घालून. मला ती घरच्यासारखी लागली. सोपार्निक ही त्याच पाल्याची पातळ भाकरीसारखी पाव-पोळी. विसची पोगाचा दिसायला भरलेल्या पावासारखी, आत मात्र मासे असतात. बोटीवर दोन शेगड्या असतात. आम्ही पोहे, मेतकूट, लसणीची चटणी आणि उपम्याचा भाजलेला रवा नेला होता. तूप, पेढे, बर्फी नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून न्या आणि निघण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर ती उपयोगी पडत नाही.

पोहता न येणारे दोघं आमच्यात होते. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी स्किपरला तसं सांगितलं. त्याने मापाची लाइफ जॅकेटं काढून दिली, ती चालत्या बोटीवर त्यांनी अंगातून उतरवली नाहीत, आणि शेवटच्या दिवशी दोघंही दोर धरून पाण्यात उतरले.

शुक्रवारी संध्याकाळी बोट परत आणायची असते, इंधन भरायला रांग लागते. शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला उतरावं लागतं. विमान दुपारनंतरचं घ्या. आमचं रात्रीचं होतं, त्यामुळे त्रोगिरला तीन तास मिळाले. तिथल्या कॅथेड्रलचा दरवाजा रादोवान या शिल्पकाराने १२४० मध्ये कोरला आहे. खांबांवर बारा महिन्यांची कामं आहेत, आणि डुकराच्या मांसाच्या तयारीपासून द्राक्षवेल छाटण्यापर्यंत सगळी माणसं आपापल्या कामात गुंग आहेत. बॅगा गावाबाहेरच्या बसस्थानकाजवळ ठेवता येतात.