बावन्न अंशांवर चारशे मेगाहर्ट्झ

मे महिन्यात जळगावात माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानावर येणारा लॅपटॉप बहुधा 'गरम होतो' म्हणूनच येतो. पारा ४५च्या घरात असला की तसं म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही. पंखा कितीही फिरवला तरी प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही.

पारोळ्याकडच्या एका जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचे, मालक जिभाऊ पुतण्याला घेऊन आले, तेव्हा तक्रार तीच. "भाऊ, हाऊ डबा चालसच नही," जिभाऊ म्हणाले. पुतण्या इंजिनिअरिंगला. त्याने लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू, म्हणजे एक प्रकारचं लिनक्स, टाकलेलं आणि उष्णतेवर उपाय म्हणून पंख्याचं नियंत्रण स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमकडे, म्हणजे स्क्रिप्टकडे, घेतलेलं.

खालचं झाकण काढलं. पंखा आणि हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पट्ट्या यांच्यामध्ये रुईचे तंतू दबून गोधडीसारखा थर बसला होता. जिनिंगच्या ऑफिसातल्या मशीनमध्ये हे नेहमीचंच. थर काढला, प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट बदलली, झाकण लावलं. जिभाऊ उठायच्या तयारीत होते, पण हिशोबाची फाइल उघडायला पहिल्याइतकाच वेळ लागला.

तापमान दाखवणारी 'सेन्सर्स' कमांड दिली, तर प्रोसेसर ५२ अंशांवर. इंटेलचे बरेच प्रोसेसर १००च्या आसपास पोचल्यावर स्वतःला आवरतात, म्हणजे इथे भरपूर जागा शिल्लक होती. प्रोसेसरचा वेग दाखवणाऱ्या 'टर्बोस्टॅट'मध्ये मात्र त्याचे सगळे कोअर, म्हणजे काम करणारे भाग, ४०० मेगाहर्ट्झच्या तळाच्या वेगावर खिळलेले. वेग किती ठेवायचा हे ठरवणारा गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर टाकला तरी आकडा हलेना. कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या मूळ भागाकडे, थर्मल थ्रॉटलची (तापल्यामुळे प्रोसेसर किती वेळा मंदावला याची) मोजणी असते, तिथे शून्य. प्रोसेसर तापून मंदावला नव्हता, त्याला बाहेरून कोणीतरी दाबून धरलं होतं.

"स्क्रिप्टमुळे असेल का?" पोराने हळूच विचारलं. पंखा त्याच्या स्क्रिप्टनेच फिरत होता, पण ५२ अंशांवर पंख्याला कोण दोष देईल?

मग लक्ष बॅटरीच्या आकड्याकडे गेलं. अडॅप्टर लावलेला, तरी चार्ज वाढत नव्हता. अडॅप्टरची पिन उपसली आणि कोअर सरळ अडीच गिगाहर्ट्झच्या पुढे. पिन परत खोचली, पुन्हा ४००. जिभाऊंनी स्वतःच्या हाताने तीच कसरत करून पाहिली. वीज लावली की मंद आणि काढली की जोरात, हे त्यांना पटेना.

काही कंपन्यांच्या अडॅप्टरच्या टोकात मधोमध एक बारीक पिन असते. अडॅप्टर किती वॅटचा आहे, हे ती लॅपटॉपला कळवते. ती ओळख पटली नाही तर लॅपटॉप बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि 'प्रोकहॉट' नावाची खूण देऊन प्रोसेसरला तळाच्या वेगावर बसवतो. ही खूण मुळात अति तापल्याची, पण बाहेरच्या सर्किटलाही ती देता येते. लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, पाहिलं, तर अडॅप्टरचा प्रकार 'अनोळखी'. विचारल्यावर कळलं, मूळ अडॅप्टर जळाल्यावर बाजारातून स्वस्तातला आणला होता.

खात्रीसाठी एमएसआर-टूल्स वापरून प्रोसेसरच्या आतल्या १एफसी क्रमांकाच्या रजिस्टरमधला (सेटिंगच्या कप्प्यातला) शून्यावा बिट, म्हणजे बाहेरची ती खूण ऐकण्याचा खटका, बंद केला. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी, चालू असेल तर कर्नल हे लिहू देत नाही, इथे ते बंद होतं. अडॅप्टर लावलेला असूनही वेग लगेच वर गेला.

"मंग हाईच राहू द्या," जिभाऊ म्हणाले. ते मला मान्य नव्हतं. बाहेरून येणारी ती खूण प्रोसेसरने ऐकूच नये, अशी ही सोय. उद्या खरंच वीजपुरवठा कमी पडला, तरी इशारा पोचणार नाही. शिवाय रिबूट झालं की बिट पुन्हा पहिल्यासारखा, आणि बॅटरी काही त्याने चार्ज होणार नव्हती. पुतण्याला हे बरोबर कळलं. काकांना समजावायचं काम त्यानेच केलं, अहिराणीत आणि माझ्यापेक्षा चांगलं.

शोरूममधून बरोबर वॅटचा मूळ अडॅप्टर मागवला. तो लावल्यावर बायोसने वॅट ओळखले, बॅटरी चढू लागली आणि रजिस्टरला हात न लावता वेग पूर्ववत झाला. स्क्रिप्ट काढून पंख्याचा वेग कोण ठरवणार हे सांगणारं 'पीडब्ल्यूएम एनेबल' सेटिंग १वरून (हाताने) २वर, म्हणजे त्या ड्रायव्हरच्या स्वयंचलित नियंत्रणाकडे, परत दिलं. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की महिन्याला एकदा ब्लोअर मारायचा, हे पोराने मोबाइलमध्ये लिहून घेतलं.